पीपीसीची (म्हणजे उत्पादनाच्या प्लॅनिंग आणि कंट्रोलची) पद्धत कशी निवडायची? जॉबशॉप आणि ऑटो कंपोनंटच्या कारखान्यांसाठी टप्प्याटप्प्याने

ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं, कानबानची (माल संपला की तेवढाच नवा बनवा, अशी खूण देणारी) रंगीत कार्डं लॅमिनेट करून आणली, प्लॅनिंगचा मोठा पांढरा फळा लावला, तरी २५ तारखेनंतर कारखान्यात तीच पळापळ. अर्धवट जॉबच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या, सुपरवायझर फोनवर, आणि जो पार्ट पाहिजे तो सोडून बाकी सगळं तयार. बहुतेक ठिकाणी दोष पद्धतीचा नसतो, क्रमाचा असतो. आधी पद्धत ठरते, मग आपला माल तिच्यात कोंबला जातो. दुसरी चूक म्हणजे अख्ख्या कारखान्याला एकच पद्धत लावणं.

हा लेख भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली अशा एमआयडीसीतल्या ३० ते १०० माणसांच्या मशिनशॉपसाठी आहे. सीएनसी आणि व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी टर्निंग आणि मिलिंगची मशिनं) घरात, ग्राइंडिंग घरात किंवा शेजारी, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर. ऑर्डरीही मिसळलेल्या असतात: मोठ्या कंपनीचं महिन्याचं शेड्यूल, पंप किंवा गिअरबॉक्सचे स्पेअर, आणि अधूनमधून एखादं फिक्स्चर किंवा डेव्हलपमेंटचा जॉब. या तिन्हींचं प्लॅनिंग एकाच पद्धतीने करायला गेलात तर तिन्ही बिघडतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. टप्पा ५ पर्यंत कानबान, एमआरपी (शेड्यूलवरून कच्च्या मालाची गरज काढणं), ड्रम-बफर-रोप (अडणाऱ्या मशिनच्या चालीने माल सोडणं) यातलं एकही नाव कारखान्यात घ्यायचं नाही.

## टप्पा १ : आधी आकडे गोळा करा, तेही फ्लोअरवरून

चार गोष्टी लागतात.

पहिली, मागच्या सहा महिन्यांचं पार्टनिहाय डिस्पॅच, आठवड्याच्या हिशेबाने. महिन्याचा आकडा घेऊ नका. महिन्याला २,००० नगांचा पार्ट दर आठवड्याला ५०० जातो की सगळा शेवटच्या पाच दिवसांत उचलला जातो, हे महिन्याच्या आकड्यात दिसत नाही, आणि पद्धत ठरते ती नेमकी याच फरकावर.

दुसरी, ग्राहकाच्या शेड्यूलचे सगळे अवतार. एक तारखेला आलेलं, दहा तारखेला सुधारलेलं, वीस तारखेला फोनवर वाढवलेलं. शेवटचं तेवढं ठेवून आधीची मेल पुसू नका. शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यात किती फरक पडतो, हेच तर शोधायचंय.

तिसरी, प्रत्येक पार्टचा रूट आणि खरा वेळ. इथे घोटाळा हमखास होतो, कारण पीपीसीवाला सायकल टाइम कोटेशनच्या शीटमधून उचलतो. ती शीट ग्राहकाला दाखवायला केलेली असते. त्यात लोड-अनलोड, चिप काढणं, दर दहा-वीस नगांनंतरचं मोजमाप, इन्सर्ट बदलणं यांचा पत्ता नसतो. मशिनपाशी उभं राहून सलग २० नगांचा एकूण वेळ घ्या आणि २० ने भागा. सेटिंगचा वेळ आधीच्या पार्टच्या शेवटच्या नगापासून पुढच्या पार्टच्या पहिल्या पास झालेल्या नगापर्यंत मोजा. सॉफ्ट जॉ बोअर करणं, ऑफसेट घेणं, क्वालिटीची वाट बघत मशिन थांबणं, सगळं त्यात आलं.

चौथी, कॅलेंडर. भोसरी-पिंपरीत औद्योगिक सुट्टी गुरुवारी, ग्राहकाची कदाचित रविवारी. प्लेटिंगवाला कोणत्या दिवशी बंद असतो, हीट ट्रीटमेंटची भट्टी तुमच्या ग्रेडसाठी आठवड्यातून किती वेळा लागते, हे लिहून घ्या. गणपतीला कोकणातली पोरं जातात, दिवाळी-छठला बिहार-यूपीची. त्या आठवड्यांत तुमची क्षमता किती उरते, तो आकडाही आत्ताच मांडा.

तपासा : स्टोअरमधले कोणतेही ३० आयटम निवडून हाताने मोजा आणि रेकॉर्डशी ताडा. २८-२९ जुळले तर पुढे जा. २० जुळले तर इथेच थांबा आणि रोज दहा-दहा आयटम मोजायची सवय आधी लावा. अकाउंट्समधला स्टॉक हिशेबासाठी असतो. त्यावर उत्पादनाचं प्लॅनिंग होत नाही.

बीओएमही (एका पार्टला लागणाऱ्या मालाची यादी) तपासा. मशिनशॉपमध्ये बीओएम म्हणजे बहुतेक वेळा एक बार आणि एक लांबी, त्यामुळे त्याकडे कोणी बघत नाही. समजा पार्ट ९२ मिमीचा आणि बार ३ मीटरचा. बीओएममध्ये ९२ लिहिलंय, म्हणजे कागदावर एका बारमध्ये ३२ नग. पण पार्टिंग टूल ३ मिमी खातं, म्हणजे नगामागे ९५ मिमी लागतात. मग ३१ च नग निघतात आणि ५५ मिमीचा तुकडा चकमध्ये राहतो. ३,२०० नगांसाठी तुम्ही १०० बार मागवता आणि लागतात १०४. शेवटच्या चार बारसाठी ग्राहकाची गाडी थांबते, आणि खापर फुटतं प्लॅनिंगवर.

## टप्पा २ : माल कारखान्यात खरोखर किती दिवस राहतो ते काढा

यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. फ्लोअरवरचा सगळा अर्धवट माल मोजा आणि रोजच्या सरासरी डिस्पॅचने भागा. ६,००० नग पडून आहेत आणि रोज ४०० जातात, तर आत आलेला नग सरासरी १५ दिवसांनी बाहेर पडतो. याला लिटलचा नियम म्हणतात. मधली प्रोसेस कोणतीही असो, तो लागू पडतो. प्रत्यक्ष मशिनवरचा वेळ नगामागे २०-२५ मिनिटांचा असेल, बाकीचे दिवस नुसती वाट बघण्यात जातात.

हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला गेलेला मालही यात धरायचा. तो डोळ्यांसमोर नसतो म्हणून मोजणीतून सुटतो. त्याचं चलन रजिस्टर दुसऱ्या कारणासाठीही चोख हवं: जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल ठरलेल्या एका वर्षाच्या मुदतीत परत आला नाही, तर जीएसटी कायद्यात तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं. प्लेटरकडे विसरलेली दोन क्रेट मग टॅक्स आणि व्याजासकट आठवतात.

आता दुसरा आकडा: ग्राहक तुम्हाला किती दिवस देतो? पीओवरची (खरेदी ऑर्डरवरची) तारीख नव्हे, पक्की मागणी कळल्यापासून माल त्याच्या गेटवर लागेपर्यंतचे खरे दिवस. हे दोन आकडे प्रत्येक मुख्य पार्टपुढे शेजारी-शेजारी लिहा. तुमचे १५ आणि ग्राहकाचे ५ असतील, तर उरलेल्या १० दिवसांचं काम मागणी येण्याआधीच झालेलं असायला हवं. म्हणजे कुठेतरी स्टॉक ठेवावाच लागणार. "आम्ही स्टॉक ठेवत नाही, ऑर्डरप्रमाणे बनवतो" असं सांगणाऱ्या कारखान्यांतही तो असतोच, फक्त चुकीच्या पार्टचा आणि चुकीच्या जागी.

## टप्पा ३ : पार्टचे तीन ढीग करा

सहा महिन्यांच्या आठवडानिहाय आकड्यांवरून प्रत्येक पार्टची सरासरी आणि प्रमाणित विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढा. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे. विचलनाला सरासरीने भागा. माझा ढोबळ नियम असा:

* ०.५ च्या खाली : मागणी स्थिर. हा पहिला ढीग.
* ०.५ ते १ : वरखाली होते, पण बंद पडत नाही. दुसरा ढीग.
* १ च्या वर, किंवा वर्षातून दोन-चारदाच येणारा पार्ट : तिसरा ढीग.

हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ०.५५ आलेला पार्ट दर आठवड्याला जात असेल तर खुशाल पहिल्या ढिगात टाका.

इशारा : ढीग ग्राहकाच्या नावाने करू नका. सगळ्यात मोठ्या ग्राहकाचे सगळे पार्ट पहिल्या ढिगात टाकायचा मोह होतो. त्याच ग्राहकाच्या ४० पार्टपैकी दहा-बाराच नियमित चालतात, बाकीचे सर्व्हिस पार्ट असतात. आणि किमतीनेही ढीग करू नका. महाग पार्टकडे लक्ष जास्त द्यावं लागतं हे खरं, पण मागणी किती हलते याच्याशी किमतीचा संबंध नाही.

आता शेड्यूलचे जुने अवतार काढा. एखाद्या पार्टची उचल स्थिर आहे, पण शेड्यूल मात्र उड्या मारतं, असं बऱ्याचदा दिसतं. अशा पार्टला शेड्यूलमागे धावायची गरज नसते, उचलीमागे चाललं तरी भागतं. उलट प्रकारही असतो: शेड्यूल शांत, आणि उचल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदम. तिथे ग्राहकाच्या पर्चेसवाल्याशी आठवड्याच्या उचलीबद्दल बोलणं कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

## टप्पा ४ : स्टॉक कुठे थांबवायचा ते ठरवा

अख्ख्या लेखातला महत्त्वाचा निर्णय हाच. बाकीचं बरंचसं यावरून आपोआप ठरतं.

प्रत्येक पार्टकुटुंबाच्या रूटवर एक जागा असते. तिच्याआधीचं काम अंदाजाने होतं, तिच्यानंतरचं पक्क्या मागणीवर. ही जागा तयार मालाच्या रॅकवर असू शकते, एखाद्या मधल्या ऑपरेशननंतर, कच्च्या मालावर, किंवा ड्रॉइंगच्याही आधी. निवडताना तीन प्रश्न विचारा.

या जागेपासून डिस्पॅचपर्यंत लागणारा वेळ ग्राहकाने दिलेल्या वेळापेक्षा कमी आहे का? नसेल तर जागा आणखी पुढे, डिस्पॅचच्या दिशेने सरकवा.

या जागेनंतर प्रकार वाढतात का? एकच पिन एका ग्राहकाला झिंक प्लेटिंग करून हवी, दुसऱ्याला फॉस्फेट करून, तिसऱ्याला नुसती ऑईल लावून आणि वर त्याचा लोगो लेझरने मारून. अशी पिन तयार मालात साठवली तर तीन स्टॉक ठेवावे लागतात, आणि संपतो नेमका नको तो. प्लेटिंगच्या आधी साठवली तर एकाच स्टॉकवर तिघांचं भागतं.

या जागेवर माल टिकतो का? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि जुलैत फटका बसतो. ग्राइंडिंग झालेला उघडा जॉब पावसाळ्यात बघता बघता गंज धरतो. तिथे थांबवायचा असेल तर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑईल, व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी, झाकणाचं क्रेट आणि जुना माल आधी काढायची शिस्त, हे सगळं पद्धतीचाच भाग आहे. जमणार नसेल तर एक ऑपरेशन मागे, म्हणजे ग्राइंडिंग अलाउन्ससह हार्डनिंगनंतर थांबवा.

साधारण चित्र असं बनतं: पहिल्या ढिगाचा स्टॉक तयार मालात किंवा शेवटच्या एका ऑपरेशनआधी, दुसऱ्याचा मधल्या टप्प्यावर, तिसऱ्याचा फक्त कच्च्या मालात. डेव्हलपमेंट जॉबला तोही नाही, कारण ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की घेतलेला बार पडून राहतो. अपवाद कास्टिंग आणि फोर्जिंगचा. फाउंड्री ठरावीक संख्येखाली पॅटर्न लावत नाही. त्यामुळे तिसऱ्या ढिगातल्या पार्टचंही रफ कास्टिंग वर्षभराचं घेऊन ठेवावं लागतं. पैसे अडकतात, पण दर वेळी फाउंड्रीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते परवडतं.

तपासा : ठरवलेल्या प्रत्येक जागी खरोखर रॅक, जागा आणि लेबल आहे का? "मशिनच्या मागे ठेवतो" ही जागा चालणार नाही.

## टप्पा ५ : अडणारं मशिन आणि लॉटचा आकार

पद्धत निवडण्याआधी एक गणित अजून बाकी आहे. ते टाळल्यामुळे जितकी कानबान बंद पडली, तितकी दुसऱ्या कशामुळेही नसतील.

एक सीएनसी घ्या. दोन शिफ्ट, जेवण-चहा वजा जाता दिवसाला ८४० मिनिटं. सहा दिवसांचे ५,०४०. ब्रेकडाउन, रिजेक्शन, ऑपरेटर न येणं यासाठी १० टक्के काढा, उरले ४,५३६. या मशिनवर सहा पार्ट चालतात आणि त्यांचा आठवड्याचा नुसता रनिंग टाइम ४,००० मिनिटं. म्हणजे सेटिंगसाठी उरले ५३६. एक सेटिंग ६० मिनिटांची असेल तर आठवड्यात जेमतेम नऊ सेटिंग बसतात. सहा पार्टची एक फेरी त्यामुळे चार दिवसांत होते. म्हणजेच कोणताही पार्ट चार दिवसांनी एकदाच मशिनवर येणार, आणि लॉट किमान चार दिवसांच्या मागणीइतका असणार.

आता कोणी सेमिनारमधून येऊन "लॉट एका दिवसाचा करा" म्हणालं, तर त्याला हे गणित दाखवा. सेटिंग ६० वरून ४० मिनिटांवर आणली तर आठवड्यात १३ सेटिंग बसतात आणि फेरी पावणेतीन दिवसांवर येते. टूल प्रीसेट ठेवणं, जॉ आधी बोअर करून नंबर टाकून ठेवणं, पहिल्या नगाच्या तपासणीला क्वालिटीचा माणूस सेटिंगच्या वेळी हजर असणं, एवढ्याने बऱ्याच ठिकाणी वीस मिनिटं सुटतात. लॉट लहान करायचा तर सेटिंग आधी कमी करावी लागते. उलट्या क्रमाने केलं तर मशिन दिवसभर सेटिंगमध्येच राहतं.

हेच गणित सगळ्या मशिन ग्रुपसाठी करा. ज्याचा लोड उपलब्ध वेळाच्या सगळ्यात जवळ, ते अडणारं मशिन. बहुतेक शॉपमध्ये ते एखादं सिलिंड्रिकल ग्राइंडर किंवा चौथ्या अक्षाचं व्हीएमसी निघतं. मालकाने नुकतंच घेतलेलं महाग मशिन तेच असेल असं नाही.

इशारा : मशिन ९५ टक्के भरलेलं असणं ही अभिमानाची गोष्ट नव्हे. रांगेच्या सगळ्यात साध्या गणितात ८० टक्के लोडला जॉब स्वतःच्या प्रोसेस वेळेच्या चौपट वाट बघतो, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण वळण असंच असतं. स्पेअर आणि तातडीचे जॉब ज्या मशिनवर येतात, तिथे जागा मोकळी ठेवावीच लागते.

## टप्पा ६ : आता पद्धत निवडा, ढिगानुसार

पहिला ढीग : क्रेट किंवा कार्डाने ओढणं. स्थिर मागणी, ठरलेला रूट, आटोक्यात असलेली सेटिंग. इथे कानबान चालतं. कार्डच हवं असं नाही, रिकामं क्रेट हेच कार्ड. रिकामं आलं की बनवा, नाही आलं तर बनवू नका.

दुसरा ढीग : फ्लोअरवरच्या कामाला कमाल मर्यादा. पार्ट बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येकाचं क्रेट ठेवणं शक्य नसतं. इथे एकूण कामावर मर्यादा घालायची: एक जॉब बाहेर पडला की दुसरा आत. याला कॉनविप म्हणतात. अडणारं मशिन ठळक असेल तर ड्रम-बफर-रोप वापरा. त्या मशिनचा क्रम तेवढा आखायचा, त्याच्यासमोर थोडं काम तयार ठेवायचं, आणि बाकीच्या सगळ्यांनी त्याच्या चालीने माल सोडायचा. दोन्हींत फार डोकं फोडू नका. अडणारं मशिन दर महिन्याला बदलत असेल तर कॉनविप, वर्षभर तेच असेल तर ड्रम-बफर-रोप.

तिसरा ढीग : डिलिव्हरीच्या तारखेपासून मागे आखणं. फिक्स्चर, डेव्हलपमेंट, एकेकटे जॉब. प्रत्येकाला स्वतंत्र वेळापत्रक. मोकळा वेळ प्रत्येक ऑपरेशनमध्ये थोडा-थोडा वाटू नका, सगळा शेवटी एकत्र ठेवा. वाटलेला वेळ सगळे वापरून टाकतात.

कच्चा माल आणि बॉट-आउट (बाहेरून तयार विकत घेतलेले भाग) : एमआरपी. तिन्ही ढिगांना सारखंच. स्टीलला दोन-तीन आठवडे लागतात, कास्टिंगला त्याहून जास्त. इतक्या आधी मागणी क्रेटवरून कळत नाही, शेड्यूलवरूनच काढावी लागते. म्हणजे खरेदी एमआरपीने आणि फ्लोअर क्रेटने, एकाच छपराखाली. यात विसंगती काही नाही. घोळ होतो तो एमआरपीने काढलेल्या तारखांवर फ्लोअर चालवल्यामुळे. एमआरपी मशिनची क्षमता मोजत नाही आणि लीड टाइम कायम तेवढाच धरून चालते. उशीर झाला की लोक सिस्टिममध्ये लीड टाइम वाढवतात, मग ऑर्डरी आणखी लवकर सुटतात, फ्लोअर आणखी भरतो आणि उशीर वाढतो. टप्पा २ चं गणित आठवलं तर हे चक्र कुठे तोडायचं ते कळेल.

एमआरपी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी चालवा. शेड्यूलची मेल आली की चालवली तर सप्लायरला रोज नवा आकडा जातो, आणि तिसऱ्या दिवसापासून तो तुमची मेल उघडायचं सोडून देतो.

## टप्पा ७ : आकडे बसवा

क्रेटची संख्या. रोजची मागणी गुणिले भरपाईचे दिवस, त्यावर सुरक्षा टक्का, भागिले क्रेटमधले नग. वरच्याच सीएनसीवरची पिन घ्या. रोज १२० नग. भरपाईचे दिवस म्हणजे मशिनची वेळ तेवढी नव्हे: फेरी येईपर्यंत जास्तीत जास्त चार दिवस, मग मशिनिंग, हार्डनिंगला जाणं-येणं आणि तपासणी मिळून तीन. एकूण सात. १२० × ७ = ८४०. त्यावर २५ टक्के धरून १,०५०. क्रेटमध्ये ५० नग, तर २१ क्रेट.

बहुतेक जण चार दिवसांची वाट धरतच नाहीत. तीन दिवसांवर हिशेब करून नऊ क्रेट ठेवतात, दुसऱ्याच आठवड्यात पार्ट संपतो, आणि "कानबान आपल्याकडे चालत नाही" असा शेरा बसतो. सेटिंग ४० मिनिटांवर आली की भरपाई पावणेसहा दिवसांवर येते आणि १८ क्रेट पुरतात. सुटलेली तीन क्रेट रॅकवरून त्याच दिवशी काढा. राहिली तर ती भरली जातात.

कामाची मर्यादा. दुसऱ्या ढिगात नग मोजू नका. एक जॉब पाच मिनिटांचा असतो, दुसरा पन्नास. अडणाऱ्या मशिनचे तास मोजा. ग्राइंडर दिवसाला १४ तास चालतो आणि माल सहा दिवसांत बाहेर पडायला हवा, तर फ्लोअरवर जास्तीत जास्त ८४ ग्राइंडिंग तासांचं काम. आज १३० तासांचं पडून असेल तर एकदम ८४ वर उडी मारू नका. १२० पासून सुरू करून दर आठवड्याला दहा कमी करा. ज्या आठवड्यात ग्राइंडर जॉबविना थांबेल, तिथे दहा परत वाढवा.

बफर. ड्रम-बफर-रोप असेल तर सुरुवातीला आजच्या लीड टाइमच्या निम्मा बफर धरा आणि त्याचे हिरवा, पिवळा, लाल असे तीन सारखे भाग करा. हिरव्यातल्या जॉबबद्दल विचारूही नका, पिवळ्यातला कुठे आहे एवढं बघा, लाल झाला की उठून जा. रोज सगळ्याच जॉबच्या मागे लागणारा सुपरवायझर कशाच्याच मागे नसतो.

## टप्पा ८ : गेटवर उभं राहा

फ्लोअरवर जॉब सोडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. त्याच्याकडे छोटी यादी: कच्चा माल एमटीसीसकट (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटसकट) आला का, ड्रॉइंगची रिव्हिजन चालू आहे का, प्रोग्राम सिद्ध झालाय का, फिक्स्चर, इन्सर्ट आणि गेज हातात आहेत का, गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटली नाही ना. एकही गोष्ट नसेल तर जॉब आत जात नाही. "चालू करू, गेज दुपारपर्यंत येईल" या वाक्यातूनच पुढे ट्रॉलीवर आठवडाभर पडलेले जॉब तयार होतात.

इशारा : ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवर असेल तर वरची कोणतीही पद्धत टिकत नाही. क्रेट भरलं तरी तो मशिन चालूच ठेवणार, आणि त्याच्या बाजूने बरोबरच करणार. इन्सेंटिव्ह आधी बदला. महिनाअखेरीला "बिलिंग होईल तेच चालवा" असा वरून निरोप येत असेल तर मालकाशी तेही आधीच बोलून घ्या. त्या चार दिवसांत जास्त किमतीचे जॉब पुढे घुसतात, आणि पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस मागे राहिलेले पार्ट निस्तरण्यात जातात.

## टप्पा ९ : चाचणी आणि फेरतपासणी

सुरुवात पहिल्या ढिगातल्या पाच-सहा पार्टपासून, एकाच मशिनवर. सगळ्यात अडचणीचा पार्ट चाचणीला घेऊ नका. हीट ट्रीटमेंटची फेरी दोन-तीनदा पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, आकड्यांना हात लावू नका. तीनच गोष्टी लिहा: ठरलेल्या दिवशी गेलेल्या डिलिव्हऱ्यांचं प्रमाण, फ्लोअरवरचा माल किती दिवसांचा, आणि नियम मोडून घुसवलेले जॉब. तिसरा आकडा सगळ्यात बोलका असतो. आठवड्यात दोन-तीन जॉब घुसवले जात असतील तर चालतं. दहा घुसवत असाल तर टप्पा ३ किंवा ४ मध्ये चूक आहे, आणि बहुधा कुठला तरी पार्ट चुकीच्या ढिगात आहे.

सॉफ्टवेअरचा विचार यानंतर. कागदावर चाललेली पद्धत सॉफ्टवेअरमध्ये टाकता येते. कागदावर न चाललेली तिथेही चालत नाही, फक्त रिपोर्ट छान निघतात. ईआरपीवाल्याला डेमोच्या वेळी एकच प्रश्न विचारा: तीन ढिगांना तीन वेगवेगळे नियम लावता येतात का? गोल-गोल उत्तर आलं तर पुढचा व्हेंडर बघा.

आकडे दर तीन महिन्यांनी तपासा. पण तीन प्रसंगी तीन महिने थांबायचं नाही. एखाद्या पार्टची उचल लागोपाठ तीन आठवडे २० टक्क्यांनी वर किंवा खाली राहिली तर क्रेटची संख्या लगेच बदला. हीट ट्रीटमेंटवाला किंवा प्लेटर बदलला तर भरपाईचे दिवस नव्याने मोजा, जुन्याच्या भरवशावर राहू नका. आणि ग्राहकाकडून मॉडेल बंद होत असल्याची कुणकुण लागली तर पक्की मेल यायची वाट न बघता दर फेरीला एक-एक क्रेट काढायला लागा. वरच्या पिनेची २१ क्रेट म्हणजे १,०५० नग. शेवटच्या उचलीनंतर ते रॅकवर राहिले तर स्पेअरवाला फार तर शे-दोनशे घेतो, बाकीचे भंगारवाल्याच्या काट्यावर जातात.